चारसूत्री भातलागवड आणि वसईच्या पूर्वपट्टीतील अल्पभूधारक शेतकरी

वसई तालुका म्हटले की केळीच्या बागा, पानमळे आणि फुलशेती नजरेसमोर येते. हे चित्र विहिरींच्या पाण्यावर पोसलेल्या पश्चिम किनारपट्टीचे होय. तुंगारेश्वरच्या डोंगरापलीकडे पारोळ, भाताणे, मेढे या परिसरात शेती म्हणजे मुख्यतः पावसावरचे भाताचे एकच पीक. तेथील अल्पभूधारक, विशेषतः आदिवासी कुटुंबाच्या घरातील धान्य बहुधा ऐन पावसाळ्यात संपते. शासनाने 1978 मध्ये सुरू केलेली खावटी कर्ज योजना याच उपासमारीच्या महिन्यांसाठी होती. अशा घरात गुंठ्यामागे वाढलेले उत्पादन म्हणजे उधारीविना निघालेले दिवस होत.

या दृष्टीने मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री पद्धतीचा विचार महत्त्वाचा ठरतो. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळणे हे तिचे पहिले सूत्र. राखेतील सिलिकामुळे रोपे कणखर होतात. राबासाठी झाडांचे टहाळ तोडण्याचा खटाटोपही वाचतो. दुसरे सूत्र बांधावरील गिरिपुष्पाच्या पाल्याचे, तर तिसरे 15 व 25 सेंटिमीटर असे आलटून-पालटून अंतर राखून केलेल्या नियंत्रित लावणीचे.

चौथ्या सूत्रात मात्र खरे विज्ञान आहे. पाणी साचलेल्या खाचरात युरिया फेकला असता त्यातील बराचसा नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो, काही बांधावरून वाहून जातो. जमिनीच्या वरच्या थरात उरलेल्या नत्राचे नायट्रेट होते. ते खालच्या प्राणवायूविरहित थरात झिरपले की वायुरूपाने निघून जाते. म्हणून युरिया-डीएपीची सुमारे 2.7 ग्रॅमची ब्रिकेट दर चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचावयाची असते. तेथे अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते व मुळांना सावकाश मिळते. तेवढ्याच पिकासाठी खत कमी लागते.

रोख पैशाऐवजी श्रमावर आधारलेली ही पद्धती गरिबाला सोयीची, असे सहज म्हटले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. एकरी पंचवीस हजारांहून अधिक ब्रिकेट हाताने खोचाव्या लागतात, आणि तेही लावणीच्या दिवसांत, जेव्हा वेळेला सर्वाधिक किंमत असते. त्याच पंधरवड्यात घरात धान्य नसल्याने कुटुंबातील माणसे दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जातात. म्हणजे ज्या भुकेवर हा उपाय योजावयाचा, तीच त्याला लागणारे हात पळविते. लावणीच्या काळात स्वतःच्या शेतावरील कामालाही रोजगार हमीसारख्या योजनेतून मजुरी मिळाली आणि ब्रिकेट मृगापूर्वी गावात पोहोचल्या, तर हे चौथे सूत्र अशा घरांना पेलण्याजोगे होईल.