विश्लेषण : सीएनसी लेथवर गोलाई उलटी का निघते? जी०२-जी०३चा घोळ कसा ओळखायचा?

ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याला बाहेरून फुगीर गोलाई आहे. मशीनमधून निघालेल्या जॉबवर मात्र त्या जागी आत गेलेला खळगा दिसतो. अशा वेळी संशय आधी ऑफसेटवर जातो, मग इन्सर्टवर. पण दोष बहुधा प्रोग्राममधल्या एकाच आकड्यात असतो. जी०३च्या जागी जी०२ पडलेला असतो.

आर्कची दिशा कशी ठरते?

जी०२ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि जी०३ म्हणजे काट्यांच्या उलट. प्रश्न उरतो तो घड्याळ कुठून पाहायचे हा. सोपा उपाय असा : जॉबच्या मध्यरेषेवरचा अर्धा भाग कागदावर काढावा. चक डावीकडे, झेड अधिक उजवीकडे, एक्स अधिक वर. या चित्रावर टूल ज्या दिशेने वळते, तीच आर्कची दिशा.

टरेट पुढे असेल तर कोड उलटतो का?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. स्लँट बेड मशीनमध्ये टरेट सहसा मागे असतो आणि चित्र व दृश्य जुळते. फ्लॅट बेड मशीनमध्ये टरेट ऑपरेटरच्या बाजूला असेल, तर एक्स अधिकची दिशा ऑपरेटरकडे येते. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला जी०३ काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतो. बदलते ती पाहण्याची बाजू. आयएसओ ८४१ मानकाप्रमाणे अक्ष असलेल्या मशीनवर प्रोग्राम तोच राहतो. काही मशीनची बांधणी वेगळी असते. तिथे मॅन्युअलच प्रमाण.

चूक झाल्यास नेमके काय घडते?

समजा, टूल एक्स२० झेड० वर आहे आणि ५ मिमी रेडियसची फुगीर गोलाई हवी आहे. योग्य ब्लॉक : जी०३ एक्स३० झेड-५ आर५. इथे जी०२ लिहिला तरी अलार्म येत नाही, कारण त्याच दोन बिंदूंमधून आत वळलेली आर्कही जाते. दोन्ही टोकांचे व्यास बरोबर भरतात, पण मधोमध सुमारे २.९ मिमी जास्त धातू निघून जातो. व्यास मोजून हे कळत नाही. रेडियस गेज लावल्यावरच उघड होते.

आरऐवजी आय० के-५ लिहिले असेल, तर धोका मोठा. केंद्र तेच राहते, म्हणून उलट दिशेने निघालेले टूल ९० अंशांऐवजी २७० अंशांचा फेरा घेते आणि जॉबमध्ये १० मिमी व्यासापर्यंत घुसते. इन्सर्ट तुटणे, जॉब चकमधून निसटणे, टरेटला धक्का बसणे, काहीही होऊ शकते.

ठोकताळा कुठे फसतो?

बाहेरचे टर्निंग चककडे जाताना फुगीर कोपऱ्याला जी०३ आणि खोलगट कोपऱ्याला जी०२, हा शॉपमधला ठोकताळा बरोबर आहे. बोअरिंगमध्ये तो उलटतो. भोकाच्या तोंडाची धार गोल करताना टूल मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे आत जाते, म्हणून तिथे जी०२ लागतो.

दिशा बरोबर, तरी अलार्म का?

केंद्रापासून आरंभबिंदू आणि शेवटचा बिंदू यांचे अंतर सारखे नसेल तर कंट्रोल थांबतो. एक्स व्यासात लिहितात, पण आय त्रिज्येत आणि आरंभबिंदूपासून मोजायचा असतो. नेमके हेच विसरले जाते. शिवाय हे दोन्ही कोड मोडल आहेत. आर्कनंतरच्या सरळ ब्लॉकला जी०१ दिला नाही, तर जुना कोडच लागू राहतो.

टूल जॉबला लागण्याआधी कशी खात्री करायची?

आधी ग्राफिकमध्ये मार्ग पाहावा. मग वर्क ऑफसेट झेड अधिक दिशेला, जॉब आणि टेलस्टॉक यांच्यापासून सुरक्षित अंतरावर सरकवून, सिंगल ब्लॉक आणि कमी फीडवर प्रोग्राम चालवावा. आर्कच्या ब्लॉकआधी थांबून दोन्ही टोकांचे आकडे कागदावरच्या चित्राशी ताडावेत. ऑफसेट पूर्ववत केल्याशिवाय कटिंग सुरू करू नये.

एक चूक सापडली म्हणून प्रोग्रामभर जी०२-जी०३ची सरसकट अदलाबदल करू नये. बरोबर असलेले आर्कही त्यात उलटतात आणि पुढचा जॉबही रिजेक्ट होतो.