रातपाळीचा डबा

रायगड जिल्ह्यातल्या एका रसायन कारखान्यात मी 22 वर्षे पाळीत काम केले. रात्री 11 ते सकाळी 7 ही तिसरी पाळी. दोन वाजताच्या नोंदी रजिस्टरात लिहून झाल्या, की मागच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून आम्ही डबे उघडत असू. चार पोळ्या, उसळ, भात, लोणचे. कुणाकडे संध्याकाळचे मटण. रातपाळीचा डबा दिवसपाळीपेक्षा मोठा असे. माणूस रात्रभर जागणार, त्याला जास्त लागणार, असा घरच्यांचा हिशेब. आमचाही तोच होता.

वयाच्या 43 व्या वर्षी माझी साखर वाढलेली निघाली. "जेवण कमी करा, चाला," डॉक्टर म्हणाले. मी विचारले, "माझा धाकटा भाऊ कचेरीत बसून काम करतो. आम्ही एकाच घरात, एकाच भांड्यातले जेवतो. त्याला काही नाही, मग मलाच का?" बाहेर रांग होती. "प्रकृती वेगवेगळी असते," एवढेच ते म्हणाले. ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. आमच्यातला आणखी एक फरक त्यांनी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही: भाऊ दुपारी एक वाजता जेवत होता आणि मी रात्री दोन वाजता. त्या एका फरकाचा शोध घेण्यात माझी पुढची दहा वर्षे गेली. मी डॉक्टर नाही, माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे. ग्रंथालयात बसून आणि शब्दकोश जवळ ठेवून जे समजले, ते इथे मांडतो.

घड्याळे अनेक

1729 मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधाऱ्या जागी ठेवले. सूर्य दिसत नसतानाही रोपाची पाने ठरलेल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे दिवस-रात्रीचे भान रोपाच्या आतच होते. हे भान कोणत्या जनुकात आहे याचा पहिला धागा 1971 मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना फळमाशीत सापडला. त्या जनुकाचे काम कसे चालते हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे 20 हजार पेशींचा एक पुंजका आहे. हे आपले मुख्य घड्याळ. ते डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावर लागते. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी, स्नायू यांची आपापली घड्याळेही असतात आणि त्यांतली बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. उंदरांना त्यांच्या विश्रांतीच्या वेळीच अन्न दिले, तर काही दिवसांत त्यांच्या यकृताचे घड्याळ सरकते. मेंदूचे मात्र जागेवरच राहते.

रातपाळीवाल्याचे नेमके हेच होते. सकाळी सातला गेटबाहेर पडताना डोळ्यांवर ऊन येते आणि मेंदू म्हणतो, दिवस उजाडला. यकृताला मात्र दोनच्या डब्याने सांगितलेले असते, की मध्यरात्र हीच दुपार. आठवडाभराने पाळी बदलते आणि थोडेफार जुळलेलेही विस्कटते. एकाच शरीरात दोन गावांच्या वेळा चालू असतात.

तीच पोळी, वेगळी वेळ

रात्री जठर अन्न हळू पुढे ढकलते. झोपेची वेळ झाली की मेंदूतून मेलाटोनिन स्रवते आणि त्या काळात स्वादुपिंडाचे इन्सुलिन कमी पडते. म्हणून दुपारी एकला खाल्लेल्या दोन पोळ्या आणि रात्री दोनला खाल्लेल्या त्याच दोन पोळ्या रक्तात सारख्या वागत नाहीत. रात्री साखर जास्त चढते आणि उतरायला वेळ लावते.

याची नेटकी तपासणी बॉस्टनमध्ये झाली. सारा चेलप्पा, फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. 19 निरोगी तरुण माणसांना प्रयोगशाळेत कृत्रिम रातपाळीवर ठेवले. एका गटाला रात्रीही जेवण दिले. दुसऱ्या गटाला जागरण तेवढेच, पण जेवण फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची रक्तातली साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांत अशी वाढ दिसली नाही. माणसे थोडी आणि दिवसही थोडे, हे खरे. पण जागरण टळत नसले तरी त्याच्या नुकसानीचा एक भाग जेवणाची वेळ बदलून टाळता येतो, हे त्यातून दिसले.

हे वाचल्यावर मी घरच्या साखर मोजण्याच्या यंत्रावर पडताळा घेतला. तोच डबा, एकदा दुपारी एकला, एकदा रात्री दोनला. दोन तासांनी मोजणी. महिनाभर वहीत आकडे लिहिले. रात्रीचा आकडा जवळपास दरवेळी मोठा आला. एका माणसाच्या वहीला शास्त्र म्हणत नाहीत, पण मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकातही जागरणाचा विचार आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे, की सवय नसताना जागरण घडले, तर जेवढे जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावे, आणि तेही न जेवता. पाळी सुटल्यावर टपरीवर मिसळ-पाव खाऊन घरी आडवे होणाऱ्या आम्हा मंडळींना हे कुणी सांगितले नव्हते.

गिरणगावातली व्यवस्था

मराठी माणसाला रातपाळी मुंबईच्या गिरण्यांनी शिकवली. सुरुवातीला गिरणी उजेडाबरोबर चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेचे दिवे आले आणि अंधाराची अडचण संपली. पुढे तीन पाळ्यांची घडी बसली: सकाळी 7 ते दुपारी 3.30, तिथून रात्री 12, आणि 12 ते सकाळी 7. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत कितीतरी कोकणी, घाटी गडी राहत. एक कामावर गेला, की त्याच्या जागेवर दुसरा पाठ टेकत असे.

ही माणसे जेवत खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बाई बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. कोण कोणत्या पाळीला हे तिला पाठ असे. स्वयंपाक त्या हिशेबाने होई. तिच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज असे. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून.

त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. ती झोप झोप नव्हती आणि ती हवा फुप्फुसे खाणारी होती. सांगायचे एवढेच, की पाळीवरच्या माणसाला वेळेवर गरम भाकरी मिळण्यामागे कुणाची तरी व्यवस्था होती. 1948 च्या कारखाने अधिनियमाने 250 पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली. आमच्या कारखान्यातही ते होते. फक्त रात्री नऊला त्याला कुलूप लागे. मग उरे चहाचे यंत्र आणि फरसाणाची पुडी.

पाळी कोणत्या दिशेने फिरते

दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. आपले आतले घड्याळ बरोबर 24 तासांचे नसते. सरासरी दहा-अकरा मिनिटे जास्तीचे असते. म्हणून झोप पुढे ढकलणे सोपे आणि अलीकडे ओढणे कठीण. उशिरापर्यंत जागता येते, पण ठरवून लवकर झोपता येत नाही, हा तर सर्वांचाच अनुभव. याचा अर्थ, पहिलीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर तिसरी पाळी हा क्रम शरीराला मानवतो. आमची पाळी उलटी फिरे: तिसरी, दुसरी, पहिली, दर आठवड्याला.

अमेरिकेत युटाह राज्यातल्या एका खनिज-रसायन कारखान्यात अशीच उलटी साप्ताहिक पाळी होती. चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी तिथे दिशा सुलटी केली आणि बदल आठवड्याऐवजी 21 दिवसांनी ठेवला. 1982 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: कामगार अधिक समाधानी झाले, तब्येतीच्या तक्रारी घटल्या, उत्पादनही वाढले. मी कारखान्यात शिरण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. हा कागद मी निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या साहेबांना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "रोस्टर वरून येते."

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये, शरीराचे घड्याळ बिघडवणारे पाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले आणि 2019 मध्ये रातपाळीबाबत तो निर्णय कायम ठेवला. रातपाळी केली की कर्करोग होतोच, असा याचा अर्थ नाही. पण रातपाळी हा नुसता सवयीचा प्रश्न नाही, हे यातून कळते.

मग खायचे काय, करायचे काय

माझी पुतणी मुंबईतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. रात्री आठ ते सकाळी आठ. मी तिला सांगितले, "मुख्य जेवण संध्याकाळी सातला घे." ती हसली. "काका, सातला मी लोकलमध्ये उभी असते." त्यातून आम्ही दोघांनी बसवलेला क्रम असा:

मुख्य जेवण निघण्यापूर्वी, नाहीतर पोचल्याबरोबर: भाकरी किंवा पोळी, डाळ-उसळ, भाजी. भात थोडा. मध्यरात्र ते पहाटे पाच मोठे जेवण नाही. भूक लागलीच तर मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे, एखादे फळ किंवा उकडलेले अंडे. पाणी भरपूर. चहा दोनच्या आत संपवायचा, कारण चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. शिवाय साखर मोजायची: सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे साधारण 60 ग्रॅम साखर, 240 कॅलरी. घरी आल्यावर थोडे उपीट किंवा पेज, जाड पडदे, फोन बंद, झोप. दुपारी उठून जेवण.

व्यायाम पाळी सुटल्यावर नाही, दुपारची झोप झाल्यावर. आठवड्याला एकूण 150 मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे काही: बैठका, जोर, जिने. पहाटे तीन ते पाच डोळे सर्वांत जड होतात. तेव्हा बसून राहण्यापेक्षा वॉर्डात किंवा प्लँटमध्ये एक फेरी मारावी. निघताना डोळे मिटत असतील, तर दुचाकीला हात लावू नये. आणि ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी रात्रीचे जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतते.

माझी साखर आता गोळीवर आटोक्यात आहे. पुतणीच्या वॉर्डात तिने आणि मैत्रिणींनी पावणेआठला एकत्र डबा खायला सुरुवात केली आहे. आधी आलेली दुसरीसाठी जागा धरते. जेवणाची वेळ त्यांनी आपली आपण बसवली. रोस्टर मात्र अजून वरूनच येते, आणि तिच्या चार रात्रींनंतर थेट सकाळची पाळी असते. पुढच्या बैठकीत तेवढे एक तरी बदलून मागायचे, असे त्यांचे ठरले आहे. युटाहच्या त्या कागदाची प्रत मी तिला दिली आहे.