मुलांना अमीर नेमले आणि किनाऱ्याला लागलो

घरात दोन किशोरवयीन मुले असली की सुट्टीचा विषय निघताच चार माणसांची तोंडे चार दिशांना होतात. आमची थोरली अकरावीत, धाकटा नववीत. थोरलीला मैत्रिणींशिवाय कुठेच जायचे नसते आणि धाकट्याला मोबाईल सोडून कुठेच जायचे नसते. दादीच्या गावी चला म्हटले तर, "तिथे रेंज नाही." महाबळेश्वरला चला म्हटले तर, "चार वेळा झालंय." शेवटी एका रात्री जेवताना धाकटाच म्हणाला, "समुद्र दाखवा. आमच्या वर्गात मी एकटाच आहे जो कधी समुद्रात उतरला नाही."

आम्ही दोघे गप्प झालो. त्याचे म्हणणे खरे होते, आणि त्यामागचे कारण आम्हाला ठाऊक होते. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. आम्ही पुण्याचे. त्या दिवसापासून आमच्या घरात समुद्र म्हटला की, "लांबून बघायचा," एवढेच वाक्य उरले. मुले लहान होती तोवर ते चालून गेले. पण आता दोन-तीन वर्षांत ती मित्रांबरोबर जाणारच. पाण्याची काहीच ओळख नसताना, आमच्या नकळत जाण्यापेक्षा आमच्यासोबत ओळख करून घेऊन गेलेली बरी, असे आम्ही ठरवले.

आधी अमीर, मग आराखडा

तिघे जण प्रवासाला निघाले तर त्यांनी आपल्यातील एकाला अमीर नेमावे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आपल्याकडे हा मान न विचारताच अब्बांकडे जातो. आम्ही ठरवले की रोज अमीर बदलायचा. पहिला दिवस अब्बा, दुसरा थोरली, तिसरा अम्मी, चौथा धाकटा. त्या दिवशी किती वाजता निघायचे, कुठे थांबायचे, पाण्यात कधी उतरायचे आणि कधी बाहेर यायचे, हे अमीर सांगेल. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा, पण ऐकायचे अमीराचे. दिवसाच्या खर्चाचे पाकीटही त्याच्याच हाती.

एवढे केल्याबरोबर मुलांचा सूर बदलला. पाकीट हाती येणार म्हटल्यावर धाकटा स्वतःहून खोल्यांचे भाव विचारू लागला. थोरलीने वहीत मार्ग लिहून काढला. पुण्याहून खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा करत मुरूड. दुसऱ्या दिवशी जंजिरा पाहून आगरदांडा ते दिघी तरीने खाडी ओलांडायची आणि दिवेआगरवरून श्रीवर्धन. तिसऱ्या दिवशी बागमांडला ते वेसवी तर, मग केळशी, आंजर्ले, हर्णै आणि मुक्काम दापोलीत. चौथ्या दिवशी दाभोळ, तिथून धोपाव्याला तर आणि गुहागर. पाचव्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड करत घर.

या रस्त्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नकाशात अंतर कमी दिसते, पण रस्ता अरुंद, वळणांचा आणि गावागावांतून जाणारा आहे. तासाला तीस किलोमीटरच धरावेत. खाड्यांवर पूल होईपर्यंत गाडीसह तरीतून जावे लागते. तरीच्या शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. ती चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो. मोबाईलला मध्येमध्ये रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवावे. मळमळीने बेजार झालेल्या मुलाला कोणताही समुद्र सुंदर दिसत नाही.

चांद पाहून भरती ओळखा

निघण्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची तयारी म्हणजे भरती-ओहोटी समजून घेणे. दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती.

आपल्या घरात हिजरी कॅलेंडर असतेच. चांद दिसेपर्यंत अमावस्या होऊन दिवस-दीड दिवस गेलेला असतो, म्हणून हिजरी तारखेत एक मिळवला की साधारण तिथी मिळते. पंधरा तारखेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. महिन्याच्या पहिल्या दोन-तीन तारखांना आणि पंधरा-सोळाच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. आठ-नऊ आणि बावीस-तेवीसच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे सौम्य. हा झाला अंदाज. पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारणे चुकवू नये.

आम्ही गाडीतच चार नियम लिहिले. ओहोटी सुरू झाली की पाण्यात जायचे नाही. कमरेच्या वर पाणी नको. एकट्याने उतरायचे नाही आणि कोणीतरी एक जण कोरडा, किनाऱ्यावर उभा पाहिजे. आणि पाणी आत ओढू लागले तर त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे यायचे नाही. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकायचे, ओढ संपली की परतायचे आणि हात वर करून मदत मागायची. सगळ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतातच असे नाही, हे धरून चालावे.

जंजिऱ्यापासून श्रीवर्धनपर्यंत

दुसरा दिवस शुक्रवारचा, अमीर थोरली. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजसाठी त्या थांबतात, हे तिने आदल्या रात्रीच विचारून ठेवले होते. म्हणून सकाळी आठलाच आम्ही धक्क्यावर हजर.

जंजिरा हा शब्द अरबीतल्या जज़ीरा, म्हणजे बेट, यावरून आला. आफ्रिकेतून आलेल्या हबशी सिद्दींनी हा किल्ला राखला आणि त्यांचे संस्थान 1948 पर्यंत टिकले. होडी अगदी जवळ जाईपर्यंत मुख्य दरवाजा दिसतच नाही. आत खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत आणि बुरुजावर कलालबांगडी नावाची अजस्र तोफ. समोर दूरवर पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधवला. महाराजांच्या आरमारातही दर्यासारंग आणि दौलतखान होतेच, हे सांगितल्यावर धाकटा म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडे आपले लोक होते?" आम्ही म्हटले, दोन्हीकडे याच किनाऱ्याचे लोक होते. इतिहासाच्या तासाला न पडलेला प्रश्न होडीत पडतो, तो असा.

राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी राज्यकर्त्यांच्या दगडी कबरी आहेत. तिकडे फारसे कोणी वळत नाही. आम्ही अर्धा तास थांबलो, फातिहा पढली, मग जुम्मा करून तरीने दिघीला उतरलो. मुसाफिरावर जुम्मा फर्ज नाही, पण मशीद समोर असताना कोण सोडतो?

श्रीवर्धनला पोहोचायला सव्वापाच झाले. किनारा रिकामा, ऊन सोनेरी, पाणी शांत. अब्बांनी लगेच पायजमा दुमडला. म्हणाले, "चला, पाच मिनिटं पाय भिजवू." थोरलीने वही काढली. "आज चार तारीख. चार आणि एक पाच, पाचाची पाऊणपट पावणेचार. भरती केव्हाच होऊन गेली. पाणी परत चाललंय. आज कोणीही उतरायचं नाही."

"अगं, पाणी बघ की किती शांत आहे!"

"अब्बा, आज अमीर कोण आहे?"

अब्बा थांबले. तेवढ्यात जाळे उचलून चाललेल्या एका वयस्कर मच्छीमारालाही विचारले. तो म्हणाला, "पोरगी बरोबर सांगते. आता उतरू नका, पाणी ओढतंय." आम्ही वाळूवर बसून सूर्य बुडताना पाहिला. मुलीने "नाही" म्हटले आणि बापाने ऐकले, हे धाकट्याने पाहिले. ज्या दिवशी मित्र, "चल रे, काही होत नाही," म्हणतील, त्या दिवशी तो "नाही" त्याला आठवावा, एवढ्यासाठी ही सारी सफर होती.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला, पाणी चढत असताना, चौघे आळीपाळीने उतरलो. थोरलीने सैल सलवार-कमीज आणि डोक्याला घट्ट रुमाल असा पोशाख आधीच शिवून घेतला होता. लांब ओढणी आणि बुरखा पाण्यात जड होतो, पायात अडकतो, ते धोक्याचे आहे. हया आणि सुरक्षितता दोन्ही सांभाळणारा पोशाख शिवता येतो. मुलग्याला समुद्र आणि मुलीला फक्त किनारा, अशी वाटणी करण्याचे कारण नाही.

नमाज आणि ताट

सफरीत जोहर, असर आणि इशा चारऐवजी दोन रकात, म्हणजे कसर. फजर आणि मगरिब तशाच. आमच्या घरात एक बाजू कोकणची, शाफई आणि दुसरी मराठवाड्याची, हनफी. शाफई मसलकात सफरीत जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात, हनफींमध्ये हजखेरीज तशी सवलत नाही. मुलांनी विचारले, "मग बरोबर कोण?" आम्ही सांगितले, दोन्ही. आपापल्या इमामाला धरून चालावे आणि दुसऱ्याला हसू नये. समुद्राच्या पाण्याने वुजू होतो, हेही त्यांना नवे होते. किब्ला इथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. म्हणजे किनाऱ्यावर नमाजला उभे राहिले की समोर समुद्र. जानमाज मात्र भरतीच्या ओल्या रेषेपासून बरीच मागे अंथरावी!

जेवणाचाही प्रश्न तसाच सुटला. हलालची खात्री नसेल तिथे मासे, अंडी, भाकरी. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला, तिथेच सरंगा घेतला आणि मुक्कामाच्या घरच्या खालांनी तो नारळाच्या वाटणात करून दिला. सोबत तांदळाची भाकरी आणि सांदणं. खेकड्यावरून मात्र गाडीत वाद रंगला. शाफई बाजूने ताट पुढे केले, हनफी बाजूने मागे सारले आणि मुलांनी दोन्ही आजोळांची नावे घेत चिडवून घेतले.

दाभोळची मशीद

त्याच तिसऱ्या दिवशी केळशीत याकूब बाबांचा दर्गा पाहिला होता. शिवाजी महाराजांनी या दर्ग्याला जमीन इनाम दिल्याचे सांगितले जाते. चौथ्या दिवशी धाकटा अमीर, आणि त्याने दाभोळसाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवला. एकेकाळी हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. अरबस्तानाकडे इथून जहाजे जात. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. खाडीकाठची दगडी मशीद विजापूरच्या आदिलशाही काळातली. गावात सांगतात, आयेशाबीबी नावाची शहजादी हजला निघाली होती, समुद्रमार्ग सुरक्षित नसल्याने इथेच अडकली आणि हजसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला.

धाकटा बराच वेळ घुमटाखाली उभा होता. नंतर म्हणाला, "तिचं जायचं राहिलं, पण पैसा वाया नाही गेला." यापलीकडे तो काही बोलला नाही. आम्हीही बोलायला लावले नाही.

त्या संध्याकाळी गुहागरला मगरिबची वेळ झाली. अब्बांनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आज अमीर तू आहेस, इमामतही तूच कर." घरी नमाजसाठी तीन हाका माराव्या लागणारा मुलगा थोडा घाबरला, मग पुढे सरकला. किरात दोनदा अडखळली. लाटांच्या आवाजात ती आम्हाला कशीबशी ऐकू येत होती. सलाम फेरल्यावर कोणी शाबासकी दिली नाही. घाईघाईने जानमाज झटकून त्याने गाडीची चावी मागितली. म्हणे, पाकिटात शिल्लक आहे, सर्वांना सोडा पाजतो.

आपण निघणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो. गाडी वाळूत नेऊ नये, भरतीत अडकते. निघताना सूरह जुखरुफमधली सवारीची दुआ मुलांकडून म्हणवून घ्यावी. आणि पाकीट त्यांच्या हाती द्यावे. ते हरवेल अशी आम्हाला भीती होती. घरी आल्यावर त्यात दोनशे दहा रुपये उरले होते आणि मागे एका चिठ्ठीवर थोरलीच्या अक्षरात पुढच्या वर्षाचा मार्ग लिहिलेला होता: विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. इन्शाअल्लाह.