रात्रीची लांबी आणि नराचा हंगाम

पिनियल आणि मेलॅटोनिनची जन्मकथा पाठ्यपुस्तकांत आहे, तेव्हा ती भरभर आटोपतो. पिनियल ग्रंथीत गाठ असलेला मुलगा अकाली वयात आल्याची नोंद ह्यूबनरने 1898 मध्ये केली. 1958 मध्ये लर्नरने गुरांच्या पिनियलमधून मेलॅटोनिन वेगळे केले. 1965 मध्ये हॉफमन आणि रायटर यांनी दाखवले की जवळजवळ अखंड अंधारात नर हॅमस्टरचे वृषण आकसतात. पिनियल काढली असेल तर आकसत नाहीत. तेवढ्यावरून मेलॅटोनिन जननाचे शत्रू ठरले, आणि आजही कित्येक वर्गांत तसेच शिकवले जाते.

मला हे कधीच पटले नाही. थंड प्रदेशातला मेंढा पाहा. रात्री मोठ्या होऊ लागल्या की तो रंगात येतो. हंगाम अलीकडे आणण्यासाठी त्याच्या कानामागे 18 मिलिग्रॅम मेलॅटोनिनची कांडी बसवतात. द्रव्य तेच, परिणाम उलटा. मेलॅटोनिन फक्त रात्र किती लांब आहे ते कळवते. त्यावर काय करायचे, ते ज्याची त्याची जात ठरवते. पुढची वाट आता बरीच उलगडली आहे: पीयूष ग्रंथीच्या पार्स ट्युबरॅलिसमधले टीएसएच, मेंदूतला थायरॉइड संप्रेरकाचा चढउतार, किस्पेप्टिन, जीएनआरएच आणि शेवटी वृषण.

माझा जीव मात्र खारीवर. बनारस हिंदू विद्यापीठात चंदना हलदार यांनी पाच पट्ट्यांच्या खारीवर आयुष्यभराचे काम उभे केले. प्रयोगशाळेत जन्मलेला उंदीर न घेता त्यांनी झाडावरचा प्राणी घेतला. पिनियलचा जोर वाढला की नराचे वृषण उतरणीला लागतात, हे त्यांनी ऋतूमागून ऋतू दाखवले. हंगामातल्या नराची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरा: रेतनलिका गच्च भरलेल्या, मधल्या पोकळीत शुक्राणूंच्या शेपट्यांचे झुबके. हंगाम सरलेल्याची धरा: नलिका अरुंद, कडेला आदिपेशींची एखाददुसरी ओळ, मध्ये काहीच नाही. वृषणही पोटात वर सरकलेले. इतका मोठा पालट आणि तोही दरवर्षी भरून येणारा! हे पाहिलेला विद्यार्थी जन्मात विसरत नाही.

आपल्या विदर्भाचे योगदान वटवाघळांच्या अभ्यासात आहे. नागपूरच्या ए. गोपालकृष्ण यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी वटवाघळांच्या प्रजननाच्या अभ्यासाचा पाया घातला. टॅफोझोअस लाँजिमॅनस ही जात वर्षभर विते, हे त्यांनी 1955 मध्ये मांडले. याच मुलखातल्या कितीतरी जाती मात्र हंगाम कडक पाळतात. सर्वांच्या वाट्याला रात्र सारखीच, तरी रीत निराळी. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार कुठला?

काही विद्वान म्हणतात, विसाव्या अक्षांशावर दिवस-रात्रीचा फरक किरकोळ, इथे पाऊस आणि चाराच सगळे ठरवतो. पाऊस-चाऱ्याचे महत्त्व मी नाकारत नाही. पण यवतमाळजवळच्या आमच्या लोहाऱ्यात जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा जेमतेम अकरा. हॅमस्टरच्या वृषणांची सीमारेषा साडेबारा तासांची आहे. म्हणजे तो इथे असता, तर हिवाळा त्याला नक्की कळला असता. म्हशी थंडीत माजावर येतात, हे गुराख्याला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरी मंडळी प्रयोगशाळेतल्या सी57 वाणाच्या उंदरावरून सगळ्या सस्तनांचे निष्कर्ष काढतात. त्या वाणाची पिनियल मेलॅटोनिन जवळजवळ बनवतच नाही आणि तरी त्याला पिल्ले होतात; हंगाम गमावलेल्या प्राण्याला हंगामाचे काय विचारायचे? पुरुषांच्या वंध्यत्वावर मेलॅटोनिनच्या गोळ्या सुचवणाऱ्यांनाही सांगतो: शुक्राणूंना ऑक्सिडीकरणापासून वाचवण्याचा मेलॅटोनिनचा गुण खरा, पण परीक्षानळीतला गुण म्हणजे औषध नव्हे.

आज प्राणिशास्त्राचे पदवीधर जनुकांची नावे धडाधड सांगतात, पण जानेवारीतला खार-नर आणि ऑक्टोबरातला यांत फरक काय, ते सांगत नाहीत. महाविद्यालयांतले विच्छेदन थांबले, ते योग्यच झाले. पण त्याबरोबर निरीक्षणही थांबले, याला कोणाचा नियम कारणीभूत नाही, आपला आळस आहे.

आणि वेळ नेमकी आत्ताची आहे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रात्रभर पांढरे दिवे जळतात. प्रकाश मेलॅटोनिन दाबतो, हे सिद्ध आहे. दिव्याखालच्या निंबावरची खार आणि शेतातल्या काळोख्या बांधावरची खार, दोन्हीकडचे नर एकाच वेळी हंगामात येतात का? जिवंत पकडून, वृषण खाली उतरले आहेत की नाहीत एवढे पाहून, लगेच सोडायचे. वनखात्याची परवानगी, पिंजरे, वही आणि वर्षभराची चिकाटी लागेल. यवतमाळच्या कुठल्याही महाविद्यालयाला हे झेपते. त्यांनी ते हाती घ्यावे.