टीव्हीचा परवाना गेला, मासिक शुल्क राहिले. सवलत कोठे मिळते?

येलहंका (बेंगळुरू) : घरात दूरचित्रवाणी संच ठेवण्यासाठी भारतात आता परवाना लागत नाही. मात्र केबल किंवा डीटीएचचे मासिक शुल्क कशाकशाचे असते, हे अनेक ग्राहकांना ठाऊक नसते. येलहंक्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. स्थानिक कन्नड पॅकमध्ये मराठी वाहिन्या असतीलच असे नाही. त्या वेगळ्या निवडाव्या लागतात.

पूर्वी रेडिओप्रमाणेच टीव्हीसाठीही टपाल कार्यालयात वार्षिक शुल्क भरून परवान्याचे नूतनीकरण करावे लागे. टीव्हीसाठी ते ५० रुपये होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत बंद झाली. ब्रिटनमध्ये ती आजही कायम असून, एप्रिल २०२५ पासून तेथील वार्षिक शुल्क १७४.५० पौंड झाले. तेथे दृष्टिहीनांना निम्मी सवलत मिळते.

भारतातील बिलाचे तीन भाग असतात : नेटवर्क क्षमता शुल्क, सशुल्क वाहिन्यांची किंमत आणि १८ टक्के जीएसटी. उदाहरणार्थ, क्षमता शुल्क १३० रुपये व वाहिन्यांची किंमत ६० रुपये धरल्यास करासह बिल २२४ रुपये २० पैसे होते. २०० वाहिन्यांसाठी १३० रुपयांची कमाल मर्यादा भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) जुलै २०२४ मध्ये काढून टाकली. आता हे शुल्क सेवा पुरवठादारच ठरवतात. परंतु ते जाहीर करणे त्यांना बंधनकारक आहे.

सवलतीचे मार्गही आहेत. सुट्या वाहिन्यांच्या एकत्रित किमतीच्या तुलनेत पॅकवर पुरवठादाराला ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. सहा महिने वा अधिक काळाची वर्गणी एकदम भरणाऱ्यांनाही सूट देण्याची मुभा आहे. एकाच घरातील दुसऱ्या संचासाठी क्षमता शुल्काची मर्यादा २०२० मध्ये पहिल्या संचाच्या ४० टक्के ठरली होती. सध्याचा दर मात्र आधीच विचारून घ्यावा.

पॅक स्वस्त असला, तरी त्यातील बहुतेक वाहिन्या पाहिल्या जात नसतील, तर बचत कागदावरच राहते. एक-दोनच मराठी वाहिन्या हव्या असल्यास त्या सुट्या घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मासिक शुल्क नकोच असेल, तर प्रसार भारतीच्या ‘डीडी फ्री डिश’चा पर्याय आहे. त्यासाठी डिश आणि सेट-टॉप बॉक्सचा एकदाच खर्च येतो आणि दूरदर्शनची ‘सह्याद्री’ ही मराठी वाहिनी विनामूल्य पाहता येते.