शेततळ्यातील शेवाळ आणि माशांची निवड

परभणी जिल्ह्यात मोसंबी व भाजीपाल्यास शेततळ्याचे पाणी ठिबकने देताना शेवाळाने गाळणी तुंबते. औषधाऐवजी मासे सोडण्याचा उपाय चांगला आहे. परंतु मासा पारखून घ्यावा.

पाणी हिरवे करणारे सूक्ष्म शेवाळ चंदेरी मासा (सिल्व्हर कार्प) कल्ल्यांनी गाळून खातो. अस्तरावर चिकटलेला थर रोहू खातो. गवत्या (ग्रास कार्प) मुख्यतः पाणवनस्पती खातो. हिरवे पाणी त्याने निवळत नाही. उलट त्याच्या विष्ठेमुळे शेवाळास खत मिळते.

शोभेच्या टाकीची काच चाटणारा सकर मासा मात्र तळ्यात कदापि सोडू नये. दक्षिण अमेरिकेतील हा मासा फूटभराहून मोठा होतो आणि मातीच्या काठात बिळे करतो. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की तो ओढ्यावाटे पूर्णा, दुधना, गोदावरीत जातो. उजनी जलाशयात त्याच्या काट्यांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. टाकीतील नकोसा मासा विक्रेत्यास परत द्यावा.

20 × 20 मीटरच्या तळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे 10 सें.मी. लांबीची 200 बोटुकली सोडावीत : चंदेरी 80, रोहू 80 व मृगल 40. उन्हाळ्यात किमान दीड मीटर पाणी राखावे.

मासे शेवाळ कमी करतात, संपवीत नाहीत. म्हणून शेणखताचे व रासायनिक खताचे पाणी तळ्यात येऊ देऊ नये, धाग्यांसारखे शेवाळ जाळीने काढावे. मासे असताना मोरचूद वापरू नये. कुजणारे शेवाळ पाण्यातील प्राणवायू संपवते आणि मासे मरतात.