जुन्या रोड सायकलींची ताठरता : पोलादी नळ्यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात शर्यतीच्या सायकलींच्या फ्रेम पोलादी नळ्यांच्या असत. नळ्यांच्या निर्मात्याचे व प्रकाराचे नाव फ्रेमवरील स्टिकरवर छापलेले असे. जुन्या सायकलींचे अनेक चाहते आजही या नावावरून फ्रेमची किंमत व ताठरता ठरवितात. हे नाव ताठरतेविषयी नेमके काय सांगते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रमुख नळ्या :
इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये टोकांना जाड व मध्यभागी पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. सांधा जोडताना उष्णतेमुळे पोलादाचे बल कमी होते, म्हणून टोके जाड ठेवली जातात. याच कंपनीची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची '५३१' ही नळी १९३५ मध्ये आली. १९७० च्या दशकात आलेली '७५३' ही नळी उष्णतासंस्कारामुळे अधिक बळकट होती. इटलीतील मिलान येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कोलंबस कंपनीच्या 'एसएल' व 'एसपी' या नळ्या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या होत्या.

बल आणि ताठरता :
बल व ताठरता हे दोन भिन्न गुणधर्म आहेत. किती भाराखाली नळी कायमची वाकेल, हे बलावर अवलंबून असते. भार असताना ती किती लवेल व भार काढताच पूर्ववत होईल, हा ताठरतेचा प्रश्न आहे. मिश्रधातू बदलला की पोलादाचे बल पुष्कळ बदलते. परंतु यंगचा स्थितिस्थापकता गुणांक साऱ्या पोलादांत सुमारे २०० ते २१० गिगापास्कल इतकाच राहतो. म्हणून सारख्या मापाच्या ५३१ व एसएल नळ्यांच्या ताठरतेत जाणवण्याजोगा फरक पडण्याचे कारण नाही. फरक पडतो तो व्यास व भिंतीची जाडी यांमुळे.

मापांचा परिणाम :
जुन्या फ्रेममध्ये खालच्या तिरक्या नळीचा, म्हणजे डाउन ट्यूबचा, बाहेरील व्यास बहुधा २८.६ मिमी असे. एसएलप्रमाणे मध्यभागी ०.६ मिमी भिंत असलेली नळी आधारभूत मानून गणित केल्यास पुढील चित्र दिसते :
१) एसपीप्रमाणे भिंत ०.७ मिमी केल्यास ताठरता सुमारे १५ टक्के व वजन १६ टक्के वाढते.
२) भिंत ०.५ मिमी केल्यास ताठरता व वजन दोन्ही सुमारे १६ टक्के घटतात.
३) भिंत ०.६ मिमीच ठेवून व्यास ३१.८ मिमी केल्यास वजन केवळ ११ टक्के वाढते. ताठरता मात्र ३८ टक्के वाढते.
वाकणे व पिळणे या दोहोंसही हीच प्रमाणे लागू होतात. हे गणित एका नळीच्या मध्यभागाचे आहे. संपूर्ण फ्रेमची ताठरता इतर नळ्यांवर व त्यांच्या लांबीवरही अवलंबून असते. उंच स्वारासाठीच्या मोठ्या फ्रेम अधिक लवतात, ते यामुळेच.

यातून एक विरोधाभास उघड होतो. ७५३ सारखे बळकट पोलाद अधिक पातळ ओढता येते. त्यामुळे व्यास तोच राहिल्यास महागडी फ्रेम हलकी होते, पण कमी ताठर. उलट एसपी ही जड नळी वजनदार स्वारांसाठी व मोठ्या फ्रेमसाठी योग्य मानली जाई. तथापि ताठरता हाच श्रेष्ठतेचा एकमेव निकष नव्हे. एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किमी अंतर कापून विक्रम केला, तो पातळ भिंतींच्या कोलंबस नळ्यांच्या हलक्या सायकलीवर.

निष्कर्ष :
स्टिकरवरील नाव प्रामुख्याने पोलादाचे बल सूचित करते. ताठरता मात्र मापांवरून ठरते. जुनी फ्रेम घेताना नळ्यांचा व्यास व सीटच्या दांड्याचे माप पाहणे अधिक उपयुक्त ठरते. २८.६ मिमी व्यासाच्या नळीत एसएल असल्यास २७.२ मिमीचा, तर एसपी असल्यास २७.० मिमीचा दांडा बसतो. स्टिकर बदलता येतो; नळीच्या भिंतीची जाडी बदलता येत नाही.